आईची ड्युटी, माझी शिफ्ट

तुमच्या शेजारच्या क्यूबिकलमधला तो मुलगा रोज साडेतीनला बॅग उचलून पळतो ना, तो जिमला जात नाही. डेटवर तर नाहीच नाही. तो दुसऱ्या नोकरीला जातो. या नोकरीला इंटरव्ह्यू नव्हता, अपॉइंटमेंट लेटर नव्हतं आणि नोटीस पीरियडही नाही. 'केअरगिव्हर' नावाच्या या पोस्टवरच्या एका तिशीतल्या मुलाची ही डायरी...

संध्याकाळचे पाच वाजलेत. आईने साडी बदललीय, तोंडाला पावडर लावलीय, खांद्याला पर्स अडकवलीय आणि ती दाराची कडी शोधतेय.

"कुठे निघालीस?"

"कुठे म्हणजे? साडेपाचची ड्युटी आहे माझी. उशीर झाला की सुपरवायझर ऐकवते."

माझी आई ७२ वर्षांची आहे. १९७४ साली ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागली आणि २०१३ साली रिटायर झाली. म्हणजे मस्टरवर सही करून तिला बारा वर्षं होऊन गेली. पण रोज संध्याकाळी पाचला तिची ड्युटी लागते आणि त्याच वेळी माझीही.

पहिले सहा महिने मी रोज वाद घातला. सॉफ्टवेअरवाला ना मी! बग दिसला की फिक्स करायचा, ही आमची सवय. "आई, तू रिटायर झालीस. हे बघ पेन्शनचं पासबुक. हे बघ कॅलेंडर." त्यावर ती चिडायची, कधी रडायची आणि दहा मिनिटांनी पुन्हा दाराशी हजर! दिवस कलला की अशा पेशंटचा गोंधळ वाढतो. डॉक्टर त्याला 'सनडाउनिंग' म्हणतात. नाव कळलं म्हणून संध्याकाळ टळली नाही, पण निदान वाद घालणं तरी थांबलं.

आता मी एवढंच म्हणतो, "जा की, पण चहा घेऊन जा." ती बसते. आधण उकळेपर्यंत मी विचारतो, "आज कुठल्या बोर्डवर आहेस?" मग ती सुरू होते. तुमच्यापैकी निम्म्यांना हे ठाऊक नसेल, पण घरोघरी एसटीडी येण्याआधी परगावी फोन करायचा तर ट्रंककॉल बुक करून तासन् तास वाट बघावी लागायची. ऑर्डिनरी, अर्जंट आणि सगळ्यात महाग लाइटनिंग. कुठली लाइन पावसाळ्यात हमखास खरखरायची, रात्रपाळीला डब्यात काय असायचं, कुणाच्या घरी बाळ झाल्याची बातमी आईने स्वतः जोडून दिली होती... साडेसहा वाजतात. ड्युटी संपते. पर्स खुंटीवर.

सकाळी काय खाल्लं ते तिला आठवत नाही. पन्नास वर्षांपूर्वीचा स्विचबोर्ड मात्र लख्ख आठवतो. या आजाराची चालच अशी आहे. नवीन आठवणी आधी पुसल्या जातात, जुन्या बऱ्याच उशिरापर्यंत तग धरतात.

घड्याळ काढा

सुरुवात २०२२ च्या पावसाळ्यात झाली. लाइट बिल दोनदा भरलं गेलं, कुकरची शिटी फ्रिजमध्ये सापडली, एकच प्रश्न जेवताना पाच वेळा आला. मी काय केलं? दुर्लक्ष केलं. "वय झालं आता, एवढं चालायचंच," हा आपल्याकडचा सगळ्यात लाडका आणि सगळ्यात महागात पडणारा फंडा!

२०२३ मध्ये अखेर न्यूरॉलॉजिस्ट गाठला. आधी रक्ताच्या तपासण्या झाल्या. कारण बी-१२ कमी असेल किंवा थायरॉइड बिघडलं असेल, तरी विसरभोळेपणा येतो आणि तो बऱ्याचदा औषधांनी सुधारतो. मेंदूचा स्कॅन झाला. मग डॉक्टरांनी आईसमोर कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, "घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं झालीत."

आईने सुंदर गोल काढला. मग बारा ते सहा आकडे एकाच बाजूला कोंबले आणि पेन खाली ठेवलं. उरलेली बाजू कोरीच राहिली. घड्याळाच्या काट्यावर चाळीस वर्षं नोकरी केलेली बाई! मी खिडकीबाहेर बघत बसलो.

निदान झालं, अल्झायमर. डिमेन्शियाचा हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. तिला सुरू झालेल्या गोळ्या काही काळ लक्षणं थोडी आटोक्यात ठेवतात, आजार बरा करत नाहीत, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. २०२३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया आहे. तरीही ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये या विषयावर कुणी बोलताना ऐकलंय? मीही नव्हतं ऐकलं.

ती 'बाळ' नाही

"म्हातारपणी आई-वडील लहान मुलं होतात रे." निदानानंतर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की मलाही ते पटलं. मग मी तसंच वागायला लागलो. आवाज चढवून, शब्द तोडून बोलायचं. "आई, ज्-जे-वा-य-चं!" ताटात न विचारता वाढायचं. पाहुण्यांसमोर, ती समोर बसलेली असताना, "हिला आता काही कळत नाही" असं बोलायचं.

दिवसा आईसोबत राहायला ब्युरोकडून एक मावशी आल्या. बारा तासांचे महिन्याला अठरा हजार. (गाडी घ्यायचं ठरवलं होतं, तिचा हप्ता साधारण तेवढाच पडला असता. गाडी राहिली.) मावशी मायाळू होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आईच्या केसांच्या दोन वेण्या घातल्या, गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "शाणं माझं बाळ! आता मम्म करायची ना?"

आई ताठ झाली. मावशींकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "मी तुमची सीनियर आहे. मॅडम म्हणा."

मी हसलो, मावशीही हसल्या. पण रात्री झोप लागेना. कारण ते वाक्य खरं तर मला होतं.

विचार करून बघा. लहान मूल रोज काहीतरी नवीन शिकतं, माझ्या आईचं रोज काहीतरी सुटतं. बाळाला डायपरची लाज वाटत नाही, आईला वाटते. बाळाला मागचं आयुष्य नसतं. आईने नोकरी केली, घराचं कर्ज फेडलं, बाबा २०१६ मध्ये गेल्यावर सगळे कागद एकटीने निस्तरले. त्या बाईला आपण 'शाणं बाळ' म्हणतो, तेव्हा तिचं आयुष्यच खोडून टाकतो. तिची स्मरणशक्ती गेलीय, मान-अपमान कळणं गेलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरात नियम बदलले. मावशी 'मॅडम' म्हणायला लागल्या आणि आई त्यांना 'चहा घेतलात का?' विचारायला लागली. खोलीत शिरताना दार वाजवायचं. "कुठली साडी?" असा मोकळा प्रश्न तिला गोंधळात टाकतो, म्हणून दोन साड्या पुढे धरायच्या, "निळी की हिरवी?" निवड तिची. कोथिंबीर निवडायला द्यायची आणि तिने काड्या ठेवून पानं टाकली तरी गप्प बसायचं!

सगळ्यात अवघड होती आंघोळ. रविवारी मावशींची सुट्टी, म्हणजे मी. पहिल्या रविवारी मी बाथरूममध्ये शिरलो आणि आईने टॉवेल घट्ट धरला. "तू बाहेर थांब," ती म्हणाली. मी मुलगा आहे हे तिच्या लक्षात होतं की कुणीतरी परका पुरुष आलाय असं वाटत होतं, कळलं नाही. दोन्हीपैकी काहीही असो, तिचं म्हणणं बरोबरच होतं. आता पद्धत ठरलीय. ती गाऊन घालूनच स्टुलावर बसते, मी मागे उभा राहून खांद्यावरून पाणी ओततो, साबण ती स्वतः लावते. हात लावता येईल असा स्टीलचा दांडा भिंतीला बसवलाय. अर्धा तास लागतो. लागू दे.

कर्वे पुतळ्याचा बसस्टॉप

फेब्रुवारी २०२४. मी हिंजवडीत, क्लायंट कॉलवर. मावशी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या, तेवढ्यात आई बाहेर पडली. फोन आला तेव्हा वीस मिनिटं झाली होती.

डॉ. मोहन आगाशे यांचा 'अस्तु' पाहिलाय का तुम्ही? त्यात स्मृती हरवलेले संस्कृत पंडित हत्तीच्या मागे चालत निघून जातात. थिएटरात मला ते काव्यात्म वगैरे वाटलं होतं. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बाइकवर ते तसं अजिबात वाटत नाही.

आईला शोधून काढलं शेजारच्या काकूंनी, स्कूटरवरून. कर्वे पुतळ्याच्या बसस्टॉपवर ती डेक्कनच्या बसची वाट बघत शांत उभी होती. एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात माझी. स्टॉपवरच्या एका कॉलेजच्या मुलीने घरचा नंबर विचारला होता आणि आईने तो धडाधड सांगितलाही होता. आमच्या लँडलाइनचा. ती लाइन आम्ही कधीच बंद केली होती. माझा मोबाइल नंबर तिच्या डोक्यात कधी पोहोचलाच नव्हता.

तोपर्यंत आम्ही आजार लपवत होतो. लोक काय म्हणतील, हा प्रॉब्लेम! त्या रात्री मी वॉचमन, वाणी, मेडिकलवाला, कोपऱ्यावरचा भाजीवाला आणि रिक्षास्टँड असा राउंड मारला. सगळ्यांना आईचा फोटो दाखवला, माझा नंबर दिला. एकानेही नाक मुरडलं नाही. उलट भाजीवाला म्हणाला, "दादा, आधी सांगायचं ना! मावशी दोनदा पैसे द्यायच्या, मी परत द्यायचो." म्हणजे माझ्याआधी भाजीवाल्याला कळलं होतं!

आता तिच्या पर्समध्ये लॅमिनेट केलेलं कार्ड असतं, नाव आणि दोन मोबाइल नंबर. कार्ड नव्हे, 'आयडेंटिटी कार्ड'. ड्युटीवर जाताना लागतंच, म्हणून ती ते कधीच काढत नाही.

'पर्सनल रीझन'

ऑफिसात मी आठ महिने थापा मारल्या. प्लंबर आलाय, दात दुखतोय, गाडी पंक्चर. स्टँडअप मीटिंगमध्ये एका कानात मॅनेजर आणि दुसऱ्या खिडकीत घरातल्या कॅमेऱ्यातली आई. बसस्टॉपच्या घटनेनंतर थापा संपल्या. मॅनेजरला केबिनमध्ये गाठून सगळं सांगितलं. तो दोन मिनिटं गप्प बसला, मग म्हणाला, "माझे वडील पॅरालिसिसने अंथरुणात आहेत. चार वर्षं झाली." चार वर्षं आम्ही रोज शेजारी बसून डबा खात होतो!

मग मार्ग निघाला. ऑफिसचे तीन दिवस सकाळी सात ते साडेतीन आणि रात्री नऊनंतर घरून लॉग-इन. पण फुकट काही मिळत नाही. अ‍ॅमस्टरडॅमची सोळा महिन्यांची ऑनसाइट मी नाकारली. ती ज्याला मिळाली त्याचे ट्युलिपचे फोटो मी लाइक केले आणि फोन उशीवर आपटला. खोटं कशाला बोलू?

एक गंमत बघा. २००७ च्या कायद्याने आई-वडिलांचा सांभाळ ही मुलांची कायदेशीर जबाबदारी केली. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्वाची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण खासगी नोकरीत आजारी आईसाठी वेगळी रजा देणारा कायदा अजून नाही. म्हणजे जबाबदारी कायद्याने, रजा मात्र मॅनेजरच्या स्वभावाने! म्हणून सांगतो, थापा मारू नका. तुम्ही बोलल्याशिवाय तुमच्या टीममधला तो दुसरा केअरगिव्हर तुम्हाला सापडणार नाही.

मनगटावरचं बोट

आता जे सांगणार आहे, ते मी बहिणीशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये आई सलग चार रात्री जागी होती. पाचव्या रात्री अडीच वाजता, रिलीज अर्धवट टाकून मी तिला नवव्यांदा पलंगावर बसवत होतो. ती उठली. मी तिचं मनगट धरलं आणि खाली ओढलं. जोरात. ती "आई गं" म्हणाली आणि बसली.

सकाळी मावशींनी आईचा हात उलटा केला. निळसर डाग. चार बोटांचे आणि एका अंगठ्याचा. त्यांनी मला काही विचारलं नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. आईला काहीच आठवत नव्हतं. मला आठवत होतं आणि आहे.

मी ताईला फोन केला. ताई टोरांटोला असते. तोपर्यंत माझा तिच्यावर राग होता: ही डॉलर पाठवते, सल्ले पाठवते, रात्री जागतो मी. त्या दिवशी पहिल्यांदा मी "सगळं ठीक आहे" म्हणालो नाही. बराच वेळ दोघंही रडलो. मग तिने विचारलं, "मी काय करू? पैसे नको सांगूस, काम सांग."

दोन दिवसांत कळलं की आईला लघवीचं इन्फेक्शन झालं होतं. वयस्कर माणसांत ते ताप-जळजळीऐवजी अचानक वाढलेल्या गोंधळाच्या रूपातही दिसू शकतं. अँटिबायोटिकने रात्री शांत झाल्या. म्हणजे ती हट्ट करत नव्हती, आजारी होती. आणि मी तिच्या हातावर बोटं उमटवली होती.

तेव्हापासून आठवड्यात दोन रात्री रात्रपाळीच्या मावशी येतात. त्यांचा पगार ताई देते. त्या दोन रात्री मी दार लावून झोपतो. हे लाड नाहीत, गरज आहे. दमलेला माणूस प्रेमळ राहू शकत नाही. मी तर नाहीच राहू शकलो.

टोरांटोहून कॉल आहे

नातेवाइकांकडे मात्र या सगळ्यावर एकच रामबाण उपाय: "लग्न कर रे, म्हणजे आईला बघणारं कुणी येईल!" मी विचारतो, मुलीच्या बायोडेटात काय लिहू? गोरी, गृहकृत्यदक्ष आणि रात्रपाळीची सवय असलेली? पुढे कुणी बोलत नाही. लग्न मला करायचंय, पण बायको म्हणून कुणीतरी हवंय. आया हवी तर ब्युरोचा नंबर आहे.

काम सांग म्हणालेल्या ताईने संध्याकाळची शिफ्ट घेतली. आपल्याकडे साडेपाच वाजतात तेव्हा तिकडे सकाळ असते. ऑफिसला निघण्याआधी ती रोज व्हिडिओ कॉल करते. मी फोन आईच्या हातात देतो आणि म्हणतो, "मॅडम, टोरांटोहून कॉल आहे."

आई ताठ बसते, पदर नीट करते. "कनेक्ट करा."

जुन्या बाजारातून मी तिच्यासाठी एक काळा डायलवाला फोनही आणला होता. मला वाटलं, काय सॉलिड आयडिया! आठ दिवस तिने तो मांडीवर घेतला, नवव्या दिवशी रिसिव्हर कानाला लावून म्हणाली, "लाइन डेड आहे. कम्प्लेंट लिहून घ्या," आणि बाजूला सारला. तिला खेळणं नको होतं. पलीकडे खरं माणूस हवं होतं.

ताईला ती कधी ओळखते, कधी नाही. "कोण बोलतंय?" विचारते. ताई नाव सांगते. "पुण्यात कोण हवंय?" ताई म्हणते, "माझी आई." मग आई मागे वळून मला हाक मारते, "अहो, हिची आई शोधा जरा." ताई हसते, मीही हसतो. कॉल संपल्यावर ताई तिकडे काय करते, ते मी विचारत नाही.

नोव्हेंबर म्हटला की पेन्शनसाठी हयातीचा दाखला. आता तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो, फक्त डोळे मिचकावावे लागतात. या वेळी मी कॅमेरा धरला. आई टक लावून बघत राहिली.

"आई, डोळे मिचकाव ना."

"कशाला?"

"तू जिवंत आहेस हे सरकारला सांगायचंय."

आईने फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केला.

"मग नंबर लाव. मीच बोलते त्यांच्याशी."

डेस्कवर चिकटवून ठेवा!

• 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. विसरणं वाढलंय असं वाटलं की डॉक्टरांकडे जा. बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी आधी करून घ्या.

• कागदपत्रं लवकर आवरा. आई-वडिलांना सगळं समजतंय तोवरच बँक खातं जॉइंट करणं, नॉमिनेशन, मृत्युपत्र उरका. मुखत्यारपत्रावर विसंबू नका. ते देणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या सक्षम राहिली नाही की ते संपतं आणि मग पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागते.

• गोंधळ एकाएकी वाढला तर रागावण्याआधी इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, वेदना किंवा नवीन औषध यांची शंका घ्या आणि डॉक्टरांना फोन करा.

• ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या हॉस्पिटल उपचारांचं संरक्षण आहे. कार्ड आधीच काढून ठेवा. घरच्या मावशींचा पगार मात्र त्यात बसत नाही.

• ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 'एल्डरलाइन' १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. आणि तुमचाच बांध फुटायला आला असेल तर 'टेलि-मानस' १४४१६, चोवीस तास.

• भावंडांना 'मदत करा' म्हणू नका. वार आणि वेळ ठरवून काम द्या.

• आणि खोलीत शिरताना दार वाजवा. आतली व्यक्ती तुमची सीनियर आहे.